जुन्या बंगल्यावर सोलर लावताय? आधी घर बघा, गच्ची नंतर

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सहकारनगरला आजोबांनी पानशेतच्या पुरानंतर काही वर्षांनी बांधलेलं एकमजली घर, निम्म्यावर स्लॅब आणि निम्म्यावर मंगलोरी कौलं, पश्चिमेला मोठं आंब्याचं झाड, घरात पाच माणसं, वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, महिन्याला ४०० युनिटच्या आसपास. घर "पूर्ण ग्रीन" करायचंय म्हणजे सोलर, पाण्याचा सोलर (पाणी तापवणारा), बॅटरी, बायोगॅस आणि जमलं तर गच्चीवर छोटी पवनचक्की, तर सुरुवात कुठून करू. तीन व्हेंडर येऊन गेले, तिघांनी गच्ची मोजली आणि तिघांनीही पाच किलोवॅट लावा म्हणून कोटेशन दिलं.

तिघांनी गच्ची मोजली पण मीटरबोर्ड कोणी उघडून बघितला का? नसणार. मी वायरिंगची कामं करत करत सोलरकडे आलो, पुण्यातली अशी जुनी घरं भरपूर बघितलीत, त्यावरून सांगतो की नव्या फ्लॅटमध्ये सोलर म्हणजे दोन दिवसांचं काम असतं आणि जुन्या घरात पॅनल बसवणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम असतं, निम्मा खर्च आणि निम्मी डोकेदुखी त्याच्या आधीच होऊन जाते. तो खर्च व्हेंडरच्या कोटेशनमध्ये नसतो म्हणून कोटेशन स्वस्त दिसतं.

पहिली गोष्ट कागद. वीजबिल कोणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिलंय आजोबांच्या. मग बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते बदला. पीएम सूर्यघर योजनेत (घरावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी) अर्ज ग्राहक क्रमांकावरून होतो, सबसिडी थेट बँक खात्यात येते, आणि बिलावर एक नाव, आधारवर दुसरं, खात्याला तिसरं असलं की फाईल अडकते. आजोबा गेले असतील तर वारसांची ना हरकत लागणार, काका-आत्यांच्या सह्या लागणार, प्रॉपर्टी कार्डावर अजून जुनी नावं असतील तर तेही बघावं लागणार. पॅनल आठवड्यात येतात हो, बोस्टनच्या काकांची सही यायला किती दिवस लागतील ते तुम्हालाच माहीत. आणि गच्ची सामाईक असेल, वर-खाली दोन भावांची दोन वेगळी मीटर असतील, तर कुठलं सिस्टिम कुणाच्या मीटरला जोडायचं हे आत्ताच बसून लेखी ठरवा, नंतर भांडणं होतात.

बिल हातात आहे तर त्यावर मंजूर भार (वीज कंपनीने घराला किती किलोवॅटपर्यंत वीज मंजूर केलीय तो आकडा) पण बघा. जुन्या घरांचा एक-दोन किलोवॅटच असतो, कारण तेव्हा घरात असायचं काय, चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ. सोलरची क्षमता मंजूर भाराला धरून असते. २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमात बदल केला, त्यामुळे दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचाय, म्हणजे हे काम पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालंय, तरी अर्ज करताना तिथला आकडा डोळ्याखालून घाला.

आता वायरिंग. त्या काळातल्या घरात लाकडी पट्टीवरची नाहीतर केसिंग-कॅपिंगमधली वायरिंग असते, रबराच्या आवरणाची वायर, आणि नंतर कधीतरी कोणीतरी अॅल्युमिनियमच्या वायरचा एखादा जोड मारलेला. मेन स्विच खाली करून (आणि हे वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः नको) चिनीमातीचा एक किटकॅट फ्यूज उपसा आणि त्यामागची वायर जरा वाकवून बघा. रबर बिस्किटासारखं तुटून हातात आलं तर पुढे काही तपासायची गरज नाही, पूर्ण रिवायरिंग. बऱ्याच जुन्या बोर्डांत फ्यूज न्यूट्रलला पण घातलेला असतो, तो उडाला की दिवा बंद पण वायरीत करंट चालू, हे दिसलं की लगेच काढायला सांगा.

सोलरवाला म्हणेल की आमचा इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी करणारं यंत्र) मीटरजवळ जोडायचाय, घरातल्या वायरिंगशी आमचा काय संबंध. तसं बघितलं तर बरोबर आहे त्याचं. पण अर्थिंगचं काय? जुन्या घरात अर्थिंग म्हणजे नळाच्या जीआय पाइपला गुंडाळलेली तार, आणि तो पाइप मधल्या काळात बदलून प्लास्टिकचा झालेला, म्हणजे अर्थिंग नाहीच. सोलरला डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईचं) असे तीन वेगळे अर्थिंगचे खड्डे लागतात. ते खणायलाच माणसं येणार आहेत तर त्यातच घराचं मेन अर्थिंग नवीन करून घ्या आणि मेनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडायला लागला तर वायरमनला "हा काढ, जुना फ्यूज बरा होता" म्हणू नका, कुठेतरी ओल धरलेल्या भिंतीत करंट गळतोय हे तो सांगतोय. बाथरूमच्या भिंतीपासून शोध सुरू करा, बहुतेक तिथेच सापडतं.

हे झालं की पंखे बघा, सोलर नाही. खरंच सांगतो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास धरले तर दिवसाला २.७ युनिट म्हणजे महिन्याला ८० युनिट वाचले, आणि खर्च साधारण पंधरा हजार. तेवढे ८० युनिट सोलरमधून काढायचे तर पाऊण किलोवॅटच्या जवळपास पॅनल लागतात, सबसिडी धरूनसुद्धा ते पंख्यांपेक्षा महाग. शिवाय वीस वर्षांचा फ्रीज असेल तर तो, आणि बाथरूममधला गीझर पाण्याच्या सोलरवर गेला तर तो. तुमचे ४०० युनिट अडीचशेवर यायला काही अवघड नाही. महावितरणच्या दरांचे स्लॅब १००, ३००, ५०० युनिटला तुटतात त्यामुळे तीनशेच्या वर गेलेले युनिटच बिल फुगवतात, आणि नेमके तेच आधी कमी होतात.

तर मग किती किलोवॅट. पुण्यात एक किलोवॅट वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. मार्च-एप्रिलमध्ये पाचापर्यंत जातं, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-अडीचवर येतं, तेव्हा जुलैमध्ये अॅप उघडून व्हेंडरला शिव्या घालू नका. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, एकूण जास्तीत जास्त ७८,०००, आणि त्यानंतर कितीही लावा एक रुपया वाढत नाही. म्हणजे पाच किलोवॅटमधले शेवटचे दोन पूर्ण तुमच्या खिशातून, आणि त्यांनी बनवलेली जास्तीची वीज कंपनीच्या लाइनमध्ये जाऊन तुमच्या नावावर जमा होते, ती पुढच्या महिन्यांत ओढत ओढत ३१ मार्चला जी उरेल ती कंपनी तुम्ही विकत घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. वीज विकून पैसे कमवा असं कोणी सांगत असेल तर चहा पाजून वाटेला लावा.

माझं मत तीन किलोवॅट. अडीचशे युनिट घराचे, इंडक्शनवर स्वयंपाक आणला तर पाच माणसांचे साठ-सत्तर, एखादी इलेक्ट्रिक स्कूटर आली तर तीस-चाळीस, बेरीज साडेतीनशेच्या आसपास जाते आणि तीन किलोवॅट तेवढंच देतं. "ग्रीन" व्हायचंय ना, तर सिलेंडर कमी करणं हा त्यातला मोठा भाग आहे, तो लोक विसरतात. फक्त इंडक्शनला १६ अँपिअरचा पॉइंट आणि मीटरबोर्डपासून स्वतंत्र वायर पाहिजे, म्हणून म्हटलं वायरिंग आधी. बिल शून्य होईल असं कोणी सांगितलं तर ते खोटं, स्थिर आकार राहतोच.

आता गच्ची. साठच्या दशकातला स्लॅब आहे, त्यात सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ असायचं, पन्नास-साठ वर्षांत पाणी मुरून सळया गंजतात, फुगतात आणि खालून पोपडे पडायला लागतात. वरून काहीच दिसत नाही, खालच्या खोलीत जाऊन छत बघा. काठीने नाहीतर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, कुठे भदभद आवाज आला किंवा गंजाच्या तांबूस रेघा दिसल्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी चार-पाच हजारात होते आणि पूर्ण सिस्टिम दोन लाखाच्या आत-बाहेर आहे, इथे वाचवू नका.

लोकांना भीती वजनाची असते, पण पॅनल आणि स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलो पडतं आणि माणसं वावरतात त्या गच्चीचा भार दीडशे किलो धरून डिझाइन करतात. खरी अडचण वाऱ्याची. पॅनल म्हणजे शिडच, वारा ते दाबत नाही तर उचलतो. पुण्यासाठी डिझाइनचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वावटळीत पत्रे कसे उडतात ते तुम्ही बघितलंच असेल. मग हे स्ट्रक्चर धरून ठेवायचं कशाने? व्हेंडरचा पोरगा ड्रिल घेऊन वर येईल आणि थेट कोब्यात अँकर मारायला लागेल, त्याला तिथेच थांबवा. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, वॉटरप्रूफिंग म्हणतात ते सगळं तोच आहे, एक भोक पडलं की पाणी कोब्याच्या आतून कुठूनही कुठेही फिरतं आणि गळती भलत्याच खोलीत निघते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवायचे, आणि उंच स्ट्रक्चर करायचं असेल (खाली कपडे-पापड वाळवायला जागा राहते म्हणून बऱ्याच घरांत तेच लागतं) तर त्याचे खांब भिंतींच्या किंवा तुळयांच्या डोक्यावर आले पाहिजेत, स्लॅबच्या पोटावर नाही. तुमचं घर विटांच्या भिंतींवर उभं आहे, आरसीसी खांबांवर नाही, म्हणून खालच्या भिंतींचा नकाशा वर खडूने काढून घ्या आणि मग खांब ठरवा. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, कारण पॅनल पंचवीस वर्षं राहणार आणि नंतर त्याच्याखाली वाकून कोणी कोबा करत नाही.

कौलांच्या बाजूला पॅनल लावू नका. तांत्रिकदृष्ट्या लावता येतात, वाशांना हूक मारून वरून रूळ टाकतात, पण मंगलोरी कौल नुसतं रिपांवर अडकवलेलं असतं, कामगार चढला की पाच-दहा फुटतात, पॅनलखालचं एक फुटलं की पावसाळ्यात ते बदलायला पॅनल काढावा लागतो, आणि त्या मापाची कौलं आता सहज मिळत पण नाहीत. तीन किलोवॅटला सहा पॅनल लागतात, मोकळी जागा धरून अडीचशे-तीनशे स्क्वेअर फूट, तेवढी तुमच्या स्लॅबवर निघेल.

सावलीचं गणित मात्र नीट करा. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी पुण्यात सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणजे दहा फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे नऊ फूट पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून खूप लांब. मेच्या मध्यात शून्य सावली दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) होतो आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, पण त्या काळात सावल्या छोट्या असल्यामुळे फार बिघडत नाही. पॅनल दक्षिणेला तोंड करून पंधरा-वीस अंश कलते ठेवा. आंबा पश्चिमेला आहे म्हणजे तीननंतरचं ऊन जाणार, जाऊ द्या, दिवसाची बरीचशी वीज नऊ ते तीनमध्येच येते. आंबा तोडायचा विचार करू नका, १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि तो आंबा दुपारी पश्चिमेची भिंत गार ठेवतोय ती एसीची बचत कोण मोजणार. एखादा पॅनल रोज तासभर सावलीत जात असेल तर त्याला ऑप्टिमायझर लावा किंवा मायक्रोइन्व्हर्टर घ्या (दोन्हींत प्रत्येक पॅनल स्वतंत्रपणे काम करतो), नाहीतर एका ओळीत जोडलेले बाकीचे पॅनलही त्याच्यामुळे मार खातात.

आणि झाडापेक्षा मोठी सावली शेजाऱ्याची. दक्षिणेकडचा बंगला रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का हे विचारून घ्या, सहकारनगरमध्ये हे चालूच आहे, बंगला पाडून सात मजले उभे राहिले की तुमचे पॅनल हिवाळाभर सावलीत. तुमचं स्वतःचंच घर पाच-सात वर्षांत रिडेव्हलपमेंटला देणार असाल तर सरळ सांगतो, पंखे आणि वायरिंग करा आणि सोलर विसरा, पैसे वसूल व्हायलाच चार ते सहा वर्षं लागतात.

पाण्याचा सोलर पॅनलपेक्षा आधी लावा. शंभर लिटरचा सोलर साधारण दोन चौरस मीटर जागा खातो आणि चांगल्या उन्हात पाणी २० वरून ६० अंशांवर नेतो, विजेच्या भाषेत साडेचार युनिट. तेवढ्याच जागेत वीज बनवणारे पॅनल दीड-पावणेदोन युनिट देतात. पाच माणसांना दोनशे लिटर घ्या. पण जुन्या घरात दोन अडचणी हमखास येतात. एक, थंड पाण्याची टाकी सोलरच्या वर पाहिजे आणि तुमची टाकी गच्चीवरच टेकलेली असणार, तर ती स्टँडवर उचलावी लागेल, आणि हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, ती पण भिंतींच्या चौकावरच. दोन, गरम पाण्याची लाइन घरात नसतेच, नवी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची लाइन) बाहेरून आणावी लागते, तिला वरून इन्सुलेशन घाला आणि जवळच्या रस्त्याने आणा, नाहीतर रोज सकाळी बादलीभर गार पाणी वाहून जाईपर्यंत आंघोळ थांबते. बोअरचं पाणी असेल तर क्षार धरतात, सोलरला कॉर्पोरेशनचंच पाणी द्या. महापालिका मिळकतकरात सवलत देते सौरऊर्जेला, एका उपक्रमाला पाच टक्के, सोबत गांडूळखत किंवा रेनवॉटर हार्वेस्टिंग असेल तर दहा, तेवढं पदरात पाडून घ्या.

बॅटरी. इथे सगळ्यांचा एक गैरसमज असतो की सोलर आहे म्हणजे लाइट गेले तरी घर चालू. नाही. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेले की सेकंदात बंद होतो, भरदुपारी लख्ख उन्हातसुद्धा, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. पाहिजे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि लिथियम बॅटरी, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरीवर सबसिडी नाही. सहकारनगरात लाइट महिन्यातून किती वेळा जातात? घरात ट्युब्युलर बॅटरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर तोच राहू द्या, दिवे-पंखे-वायफाय चालतात, बास झालं. नव्या वायरिंगमध्ये ही सर्किटं वेगळी काढून ठेवा म्हणजे पुढे बॅटरी घेतली तर भिंत फोडावी लागणार नाही.

व्हेंडर निवडताना तीन गोष्टी लेखी घ्या. पॅनल देशी सेलचे आहेत (सबसिडीला तेच लागतात), पाच वर्षं देखभाल त्याच्याकडे आहे, आणि स्ट्रक्चरचं गॅल्वनायझिंग (जस्ताचा मुलामा) वेल्डिंग झाल्यानंतर केलेलं आहे. तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही आणि मग दोन पावसाळ्यांत प्रत्येक सांध्याला गंज. इन्व्हर्टर उन्हात नको, जिन्याच्या खोलीत लावा. पॅनलखाली कबुतरांसाठी जाळी लगेच लावून घ्या, पुण्यात नंतर लावू म्हणालात तर तोपर्यंत त्यांचा संसार थाटलेला असतो. धुवायचं पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आणि जुन्या भागात कधी कधी दुपारी व्होल्टेज अडीचशेच्या वर जातं तेव्हा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, असं रोज दिसलं तर अॅपमधला आलेख काढून महावितरणकडे तक्रार द्या, व्हेंडर त्यात फार काही करू शकत नाही.

बायोगॅस पुण्याला नवीन नाही, इथल्याच आरती (ARTI, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारी) संस्थेच्या छोट्या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला होता आणि त्याची कल्पना फार सुंदर आहे, शेणाऐवजी उरलेलं अन्न, खरकटं, खराब पीठ घालायचं, स्टार्च आणि साखर असलेलं काहीही. चालतं ते, पण पाच माणसांच्या घरात दोन वेळचा स्वयंपाक होईल एवढं खरकटं निघत नाही, सकाळचा चहा-दूध आणि एखादा कुकर धरा, हिवाळ्यात त्याहून कमी. मागच्या अंगणात टाकीला ऊन आणि जागा आहे आणि रोज न चुकता दळून-कालवून घालणारं कोणी आहे तर जरूर करा. पण ते काम घरात कोणाच्या गळ्यात पडणार आहे त्या व्यक्तीला आधी विचारा, तुमच्या पत्रात "आपण करू" असं लिहिलंय म्हणून विचारतो.

पवनचक्की नको. झाडं आणि इमारतींमध्ये वारा सलग येत नाही, भोवरे येतात, पातं फिरताना दिसतं पण वीज नगण्य, आणि खांबाची थरथर थेट तुमच्या साठ वर्षांच्या विटांच्या भिंतीत उतरते. ते पैसे अर्थिंगच्या खड्ड्यांत घाला.